पत्र्यावरचा दगड

वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे परिसरात जमिनीतून येणाऱ्या गुडगुडीचं आता कुणाला नवल राहिलेलं नाही. भांडी वाजली की माणसं अंगणात येतात, मोबाइलवर 'किती रिश्टर?' बघतात आणि चहा ठेवतात. 21 मार्च 2024 ला सकाळी सहाच्या सुमारास 4.5 चा धक्का बसला, 10 जुलैला पुन्हा तेवढाच. सूचना निघाली : पत्र्यावर आधाराला ठेवलेले दगड काढून घ्या.

सूचना बरोबरच. 1993 च्या किल्लारीच्या भूकंपात माणसं गेली ती दगडमातीच्या जाड भिंतींखाली.

पण पत्र्यावर दगड काय हौसेनं ठेवतं कुणी? वैशाखातलं वावधान सुटलं की बिनदगडाचा पत्रा थेट शेजारच्या रानात. आमच्या काकूंनी तोडगा काढला : उन्हाळाभर दगड वर, बाकी वर्षभर खाली. भूकंपाला तेवढं वेळापत्रक कळवायचं राहिलं.

खरा उपाय म्हणजे पत्रे हुक-नटानं पक्के आवळणं. त्याला पैसे लागतात. ते येणार हळदीतून, आणि हळद थांबलीय भावासाठी. घरचा आपत्ती निधी म्हणाल तर तोच : थप्पीला लावलेली पोती. मोंढ्यात भाव चढला की काका म्हणतात, अजून चढेल. उतरला की म्हणतात, आता कशाला विकायची?

पोती त्याच पत्र्याखाली आहेत. दगड अजून वरच आहे.