ढगांतील मालगुजार

राज्य करण्याची हौस मनुष्याला उपजतच असते, परंतु त्यासाठी लागणारा मुलूख बहुतेकांच्या वाट्याला येत नाही. म्हणून कुणी पतसंस्थेचा संचालक होतो, कुणी गणेशोत्सव मंडळाचे खजिनदारपद वर्षानुवर्षे सोडत नाही, आणि ज्याला यांपैकी काहीच साधत नाही तो वर्षातून चार दिवस सासुरवाडीला जाऊन हुकूम सोडून येतो. नाचणगावातल्या ज्या तरुणाचे चित्र आम्ही येथे काढू इच्छितो, त्याला या तिन्ही वाटा बंद होत्या: पतसंस्थेसाठी तो वयाने लहान, मंडळात त्याच्याहून वडील माणसे खजिन्यापाशी ठाण मांडून बसलेली, आणि लग्न अद्याप व्हावयाचे. त्याने मग मुलूखच भाड्याने घेतला. हा मुलूख मुंबईत आहे, चर्मचक्षूंना दिसत नाही, त्याचा सारा तासांच्या हिशेबाने भरावा लागतो, आणि त्यावर आमच्या तरुणाची सत्ता निरंकुश चालते.

त्याच्या राज्यातली रयत त्याला ‘अ‍ॅडमिन’ म्हणते. आम्ही त्याला मालगुजार म्हणू, आणि तेही निव्वळ थट्टेने नव्हे. वर्धा जिल्हा पूर्वी मध्यप्रांतात मोडत असे, आणि त्या प्रांतात सरकार व कुळे यांच्या मध्ये बसून सारा वसूल करावा, त्यातला आपला हिस्सा राखून उरलेला खजिन्यात भरावा, व गावच्या भांडणतंट्यांत अखेरचा शब्द आपला असावा, अशा थाटाचे मालगुजार गावोगाव नांदत असत. १९५१ साली ही पद्धत कायद्याने संपली. पण कायद्याने पद्धत संपते, प्रवृत्ती नव्हे. शिवाय कारभाराचे वारे या बाजूला जुनेच आहे. १८६२ साली नागपूर जिल्ह्यातून वर्धा जिल्हा वेगळा काढला तेव्हा त्याचे मुख्य ठाणे आधी पुलगावजवळच्या कवठ्याला होते, आणि १८६६ मध्ये ते आजच्या वर्ध्याच्या जागी, म्हणजे तेव्हाच्या पालकवाडीला गेले. नाचणगाव तर पुलगावला इतके लागून की, एकाची वस्ती कोठे संपते आणि दुसऱ्याची कोठे सुरू होते हे परक्या पाहुण्याला कळू नये. पुलगावला मुंबई-हावडा मार्गावरचे स्टेशन, नगरपरिषद आणि लष्कराचे दारूगोळ्याचे विख्यात भांडार, नाचणगावला ग्रामपंचायत. शेजारी एवढा बडेजाव असताना आपल्याही हाती काहीतरी असावे असे एखाद्या होतकरू मुलाला वाटले, तर त्याला दोष देणे कठीण आहे.

मालगुजार ओळखावा कसा? तो पदविका झालेला किंवा होत आलेला असतो, एखाद्या स्पर्धापरीक्षेचा फॉर्म भरून मोकळा असतो, आणि त्याच्या मांडीवरच्या लॅपटॉपची बॅटरी फार पूर्वीच निवर्तल्यामुळे तो घरातल्या एका विशिष्ट बोर्डापासून तीन हातांपलीकडे कधीच आढळत नाही. बोलणे मोजके. नात्यागोत्याच्या माणसाची खुशाली विचारण्याआधी तो ‘काकाजी, तुमच्या इथं नेट कोणाचं हाये?’ असे विचारतो, आणि उत्तर ऐकून जी मुद्रा करतो तिच्यावरून आपली पत आपल्याला समजते. पण त्याचे खरे व्यवच्छेदक लक्षण निराळेच आहे, आणि ते पुष्कळांच्या ध्यानात येत नाही: ज्या खेळासाठी त्याने हा सारा खटाटोप मांडला, तो खेळ तो स्वतः खेळत नाही.

खेळाचे नाव माइनक्राफ्ट. चौकोनी ठोकळ्यांचे एक अफाट जग, त्यात खणावे, बांधावे, पिके लावावीत, रात्री भुतांपासून जीव वाचवावा. स्वीडनमधल्या मोजांग कंपनीने तो रचला आणि २०१४ साली मायक्रोसॉफ्टने ती कंपनी अडीच अब्ज डॉलरला विकत घेतली, यावरून ठोकळ्यांना कमी लेखू नये. एकट्यानेही तो खेळता येतो. पण गल्लीतल्या दहा पोट्ट्यांनी एकाच जगात एकाच वेळी उतरावयाचे तर ते जग कोणत्या तरी यंत्रावर अहोरात्र जागते ठेवावे लागते, आणि या जागरणालाच सर्व्हर म्हणतात.

प्रथम त्याने तो घरच्याच लॅपटॉपवर थाटला. घरातल्या घरात चालला; गल्लीपलीकडच्या मित्राला मात्र काही केल्या दार सापडेना. याचे कारण असे की, आपल्याकडच्या मोबाइल कंपन्या असंख्य गिऱ्हाइकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. आतून बाहेर जाणाऱ्याची त्यात अडचण होत नाही, पण बाहेरून येणाऱ्याला नेमके कोणाचे घर हे समजण्याची सोय नसते. हे समजून घेण्यात त्याची एक अख्खी दिवाळीची सुटी गेली, आणि त्यानंतर त्याची दृष्टी क्लाउडकडे, म्हणजे मोठाल्या कंपन्यांनी बांधलेल्या संगणकांच्या कोठारांकडे वळली. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुण्यात, अ‍ॅमेझॉनने २०१६ साली आणि गूगलने २०१७ साली मुंबईत अशी कोठारे उघडली आहेत. त्यांतले एक यंत्र, किंबहुना यंत्राचा एक लहानसा हिस्सा, ज्याला पाहिजे त्याला भाड्याने मिळतो. भाडेकरूची जात, धर्म वा चारित्र्य कोणी पाहत नाही; मुख्यतः बँकेचे कार्ड पाहतात.

कार्ड अर्थातच वडिलांचे. खातरजमेसाठी कंपनीने दोन रुपये कापले आणि त्याचा संदेश थेट शेतात पोहोचला. ‘कायले कापले रे दोन रुपये?’ या प्रश्नाला ‘ते वापस येतेत बाबा’ हे उत्तर देऊन मालगुजाराने पहिला वाद मिटवला, आणि त्या दोन रुपयांच्या परतीवर सर्वांचे लक्ष इतके खिळून राहिले की पुढे काय कापले जाणार आहे हे विचारावयाचे राहूनच गेले.

यानंतरचा विधी आम्ही जवळून पाहिलेला आहे. यंत्राचा प्रदेश निवडावा: मुंबई. स्मृती निवडावी: नवागताला तेव्हा फुकट मिळणाऱ्या यंत्रात एक जीबी, आणि तेवढ्यात हा खेळ उभा राहतो न राहतो तोच मान टाकतो, म्हणून चार जीबी, म्हणजेच सशुल्क. मग किल्लीची एक फाइल उतरून येते; ती एकदाच मिळते, आणि हरवली तर आपल्याच वाड्याच्या बाहेर उभे राहण्याची पाळी येते. आमच्या मालगुजाराने ती पहिल्याच संध्याकाळी हरवली आणि दुसरे यंत्र घेतले. पहिले तसेच चालू राहिले, त्याची हकीकत पुढे येईल. त्यानंतर २५५६५ क्रमांकाचे पोर्ट, म्हणजे बाहेरून येणाऱ्यांसाठीचे दार, उघडावे, सर्व्हर जिच्यावर चालतो ती जावा बसवावी, आणि सर्व्हर सुरू करावा. तो सुरू होऊन लगेच थांबतो, कारण करारनाम्याच्या एका फाइलीत ‘फॉल्स’ लिहिलेले असते आणि ते खोडून स्वहस्ते ‘ट्रू’ लिहिल्यावाचून पुढे पाऊल पडत नाही. करारनामा मालगुजाराने वाचला काय? सावकाराच्या कागदावर अंगठा उठवणाऱ्या त्याच्या पणजोबांनीही वाचला नव्हता. मात्र त्यांना निदान वाचता येत नव्हते.

एक अडचण उरली. रयतेपैकी बहुतेकांपाशी संगणक नव्हता, मोबाइल होता, आणि मोबाइलवरचा माइनक्राफ्ट व संगणकावरचा, जावावर चालणारा माइनक्राफ्ट यांची आपसांत भाषा जुळत नाही. दोघांमध्ये दुभाष्याचे काम करणारी एक जोडणी मिळते, तिचे नाव गिझर. भर मे महिन्यात, वर्ध्याकडचे ऊन अंगाची काहिली करीत असता, ‘गिझर टाकला का समदे पोट्टे येतेत’ असे चिरंजीव फोनवर बोलताना मातोश्रींनी ऐकले, आणि कूलरमध्ये ओतावयाची पाण्याची बादली हातात तशीच धरून त्या बराच वेळ दारात उभ्या राहिल्या.

राज्य स्थापन झाले. भिंतीला भिंत लागून असलेल्या दोन घरांतली मुले आता मुंबईत भेटू लागली. एकाने आपल्या खोलीत ठोकळा ठेवला की ती वार्ता सातशेहून अधिक किलोमीटर मुंबईला जाते, तेथून तितकेच अंतर परत येते आणि शेजारच्या खोलीत प्रकट होते; ‘ठेवला बे!’ ही आरोळी मात्र भिंतीतून त्याआधीच पोहोचलेली असते. या जाण्यायेण्याला जो वेळ लागतो त्याला पिंग म्हणतात, आणि तो शंभर मिलिसेकंदांच्या वर गेला की मालगुजाराकडे फिर्याद येते. इकडे पुलगाव स्टेशनावर गाडी तासभर उशिरा आली तरी हीच मंडळी चकार शब्द काढीत नाहीत.

आणि येथे मालगुजाराचा खरा स्वभाव फुलला. त्याने प्रवेशयोग्य प्रजेची यादी केली. तिच्यात नाव नसलेल्याला सर्व्हर दारातूनच परत पाठवतो. त्याने कलमवार नियम जाहीर केले: दुसऱ्याच्या घरात सुरुंग लावू नये, गावठाणाच्या हद्दीत खाण खणू नये, रागाच्या भरात कुणाच्या मातापित्यांचा उद्धार करू नये. दोघा विश्वासू मित्रांना त्याने ‘ऑप’ केले, म्हणजे अधिकाराची सनद दिली, आणि आठवड्याच्या आत एकाची सनद गैरवर्तनास्तव काढून घेतली. रोज रात्री तो संपूर्ण जगाची नक्कल करून ठेवतो. असे चोख दप्तर आम्ही भल्या भल्या कचेऱ्यांत पाहिलेले नाही.

त्याच्या न्यायदानाचा एक प्रसंग सांगण्याजोगा आहे. एका मुलाच्या पेटीतले हिरे गेले. रात्री व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर कचेरी भरली, जाबजबाब झाले, तिघांवर संशय घेतला गेला आणि तिघांनीही देवाच्या शपथा वाहिल्या. मालगुजार शांत होता. कोअरप्रोटेक्ट नावाची एक पुरवणी त्याने आधीच बसवून ठेवली होती. कोणती पेटी कोणी केव्हा उघडली याची नोंद ती ठेवते. त्याने नोंदवही उघडली, आणि चोर म्हणून त्याचे स्वतःचेच नाव निघाले. वेळ पाहिली तर ती त्याच्या जेवणाची. लॅपटॉपपाशी तेव्हा कोण होते याचा तपास स्वयंपाकघरापर्यंत पोहोचला, आणि सातवीतल्या धाकट्या बहिणीने जबाब दिला, ‘पेटी दिसली, म्या उघडली. एवढंच होतं त कुलूप लावाचं.’ हिरे तिने एका मेंढीसाठी कुंपण बांधताना कोठे तरी सांडले होते.

दुसरा एखादा राज्यकर्ता हे प्रकरण दाबून टाकता. आमच्या मालगुजाराने स्वतःच्या खात्यावर तीन दिवसांची बंदी घातली आणि निकाल गटावर जाहीर केला. ते तीन दिवस तो आपल्याच जगात पाऊल टाकू शकत नव्हता. काळ्या पडद्यावरच्या पांढऱ्या अक्षरांतून, ज्याला कन्सोल म्हणतात तेथून, तो राज्य हाकीत राहिला. कोण आले, कोण गेले, कोण मेला, कोण काय बोलला, सारे ओळीओळीने त्याच्यापुढे सरकत होते. ‘जेवाले चाल न बावा, भाजी थंडी होऊन राहिली,’ अशी हाक त्या दिवसांत त्याला नेहमीपेक्षा अधिक वेळा मारावी लागली, आणि बंदी उठल्यावरही तो जगात क्वचितच उतरला. मुलखात हिंडण्यापेक्षा मुलखाचे दप्तर पाहण्यात त्याला अधिक गोडी आहे, हे त्याचे त्यालाच तेव्हा उमगले असावे.

महिनाअखेर बिल आले. हरवलेल्या किल्लीचे यंत्र महिनाभर निमूटपणे चालत राहिले होते, त्याचे भाडे, दुसऱ्याचे भाडे, डिस्कचे वेगळे, सार्वजनिक पत्त्याचे वेगळे, आणि वर अठरा टक्के जीएसटी. पहिले यंत्र मालगुजाराने तत्काळ ‘थांबवले’, आणि पुढच्या बिलात त्याची डिस्क पुन्हा हजर; कारण थांबवणे निराळे आणि काढून टाकणे निराळे, हा भेद कंपनीच्या नियमांत स्पष्ट लिहिलेला असला तरी मनुष्यस्वभावात लिहिलेला नाही. वडिलांनी पहिल्या बिलाची रक्कम सोयाबीनच्या भावाशी ताडून पाहिली, आणि दोन क्विंटलांच्या आसपास हिशेब बसला तेव्हा ते काहीच बोलले नाहीत. विदर्भातला शेतकरी काहीच बोलत नाही तेव्हा प्रकरण गंभीर समजावे.

मग वर्गणी. प्रत्येक खेळाडूमागे पन्नास रुपये ठरले. पहिल्या महिन्यात निम्म्यांनी दिले, दुसऱ्या महिन्यात दोघांनी, आणि तिसऱ्या महिन्यात वसुलीचा तगादा लागताच रयत बीजीएमआय नावाच्या बंदुकीच्या खेळाकडे स्थलांतर करून गेली, जेथे सर्व्हर दुसऱ्याचा असतो आणि वर्गणी मागावयास कुणी दारात येत नाही. जुन्या मालगुजाराने सारा थकवणाऱ्या कुळावर दावा लावला असता. याच्यापाशी बंदी घालण्याचा अधिकार होता, पण जो येतच नाही त्याच्यावर बंदी घालून काय मिळवावयाचे?

सर्व्हर अजून चालू आहे. खेळाच्या अलीकडच्या आवृत्तीत अशी व्यवस्था आहे की, मिनिटभर कुणीच आत नसले तर तेथला काळ थांबतो: सूर्य जागच्या जागी राहतो, गहू वाढत नाही, बहिणीची मेंढी एक पाय उचललेली तशीच उभी असते. कंपनीच्या हिशेबाचे घड्याळ मात्र थांबत नाही. आणि आमचा मालगुजार, जिथे पान हलत नाही अशा त्या जगाची रोज रात्री नेमाने नक्कल करून ठेवतो.

वाचकांपैकी कुणाच्या घरी असा मुलगा असेल तर त्याला रागावू नये. गणपतीच्या वर्गणीची वही, वाचनालयाचे दाखल-रजिस्टर किंवा पाणीपट्टीच्या थकबाकीची यादी त्याच्या स्वाधीन करावी, काम चोख होईल. सर्व्हर चालूच ठेवावयाचा असला, तर खर्च ठरावीक रकमेपुढे गेला की ई-मेलने इशारा देणारी सोय या क्लाउड कंपन्या फुकट देतात, ती पहिल्याच दिवशी लावून घ्यावी आणि इशारा मुलाच्या नव्हे, वडिलांच्या ई-मेलवर येईल असे पाहावे. ती सोय फक्त इशारा देते. यंत्र आपणच बंद करावयाचे असते.