न वाचलेल्या प्रतीची किंमत

दारू सोडण्याविषयीची जुनी इंग्रजी पुस्तके जमवणे हा अमेरिकेतल्या ग्रंथसंग्राहकांचा एक स्वतंत्र प्रांत आहे. प्रांत लहान, पण हद्दी काटेकोर. दारू किती वाईट हे सांगणारी पुस्तके एकोणिसाव्या शतकात मणांनी छापली गेली. जास्त मान असतो तो, आधीच पीत असलेल्या माणसाने आता काय करावे हे सांगणाऱ्या पुस्तकांना.

कालक्रमाने अग्रपूजेचा मान डॉ. बेंजामिन रश यांचा. अमेरिकी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या या डॉक्टरांनी १७८४च्या सुमारास कडक दारूच्या परिणामांवर पुस्तिका काढली. तिच्या पुढच्या आवृत्तीत एक ‘नैतिक तापमापक’ आहे: वरच्या टोकाला पाणी, खाली उतरत जावे तसे जिन, ब्रँडी, कर्ज, तुरुंग आणि तळाशी फाशी. बिअर आणि वाइन मात्र डॉक्टरांनी प्रकृतीला मानवणाऱ्या बाजूला बसवल्या होत्या. त्यामुळे पुस्तिका पटली तरी वाचकाची संध्याकाळ अगदीच कोरडी जात नसे.

१८४२ साली कवी वॉल्ट व्हिटमन याने ‘फ्रँकलिन इव्हान्स’ ही मद्यपानविरोधी कादंबरी लिहिली. ती पैशासाठी, घाईघाईत आणि मद्याच्याच साहाय्याने लिहिल्याचे त्याने म्हातारपणी सांगून टाकले. रिचर्ड पीबडी यांचे १९३१चे ‘द कॉमन सेन्स ऑफ ड्रिंकिंग’ नावावरून पिणाऱ्यांचे मार्गदर्शक वाटते. आत मात्र दारू कायमची सोडण्याची शिस्त सांगितली आहे.

या प्रांताची राजधानी म्हणजे ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’. दारू सोडणाऱ्या, निनावी राहणाऱ्या सभासदांच्या संघटनेचेही हेच नाव. एप्रिल १९३९मध्ये न्यूयॉर्कला निघालेल्या या पुस्तकाचा बराचसा मजकूर बिल विल्सन यांनी लिहिला. त्यांचा पूर्वीचा धंदा शेअर बाजाराचा, म्हणून पुस्तक छापण्याआधी त्याचे शेअर विकायला काढले गेले. किंमत साडेतीन डॉलर ठेवली. तेवढ्या पैशांत हाताला वजन लागले पाहिजे, म्हणून छापखान्याकडचा जाडात जाड कागद वापरला. ग्रंथ फुगला आणि ‘बिग बुक’ या नावाने ओळखला जाऊ लागला.

फुगला, पण खपला नाही. मॉर्गन नावाच्या सभासदाला रेडिओवर बोलायची संधी मिळाली. ऐन वेळी तो पिऊन येऊ नये म्हणून सहकाऱ्यांनी त्याला काही दिवस चोवीस तास पहाऱ्यात ठेवले. कार्यक्रमाआधी डॉक्टरांना २०,००० पत्रे टाकली. उत्तरे न्यायला विल्सन सूटकेस घेऊन टपालखात्यात गेले. हाती आली डझनभर उत्तरे. त्यांतली काही पिऊन लिहिल्यासारखी, न लागणाऱ्या अक्षरातली. पुस्तकाची मागणी फक्त दोघांची. मार्च १९४१मध्ये ‘सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट’ने लेख छापला, तेव्हा कुठे विक्रीने जोर धरला.

पहिल्या आवृत्तीची १९५४पर्यंत सोळा मुद्रणे झाली. संग्राहकाचा जीव अडकतो तो पहिल्या मुद्रणात. त्याची ओळख लाल कापडी बांधणीवरून आणि २३४व्या पानावरून पटते. तिथे एक ओळ चुकून दोनदा छापली गेली आहे. या विषयाच्या पुस्तकात एकाचे दोन दिसले, तर डोळ्यांवर संशय न घेता किंमत विचारावी, असा इथला रिवाज.

खरी दुर्मीळ वस्तू मात्र वेष्टण. एका चित्रकार सभासदाने ते लाल, पिवळ्या, काळ्या रंगांत इतके भडक केले की संग्राहक त्याला ‘सर्कस’ म्हणतात. निनावी राहू इच्छिणाऱ्याने असे पुस्तक बसमध्ये उघडले, तर नाव सोडून बाकी सगळे सहप्रवाशांना कळावे. वेष्टण ही सांभाळून ठेवण्याची वस्तू आहे असे कुणी मानले नाही, आणि आज ते शाबूत असेल तर पुस्तकाची किंमत कित्येक पटींनी चढते. मुखपृष्ठावर लेखकाचे नाव नाही, पण आत त्याची सही असेल तर भाव आणखी वर.

प्रतीची अवस्था ठरवण्याचे नियम याहून कठोर आहेत. समासातल्या खुणा, चहाचे डाग, रात्रीबेरात्री उलटून मऊ पडलेली पाने, सैल झालेला पुठ्ठा: प्रत्येकाला वजावट. थोडक्यात, जी प्रत कुणी वाचली नाही ती महाग आणि जिने कुणाला वाचवले ती स्वस्त.

याला सणसणीत अपवाद एकच, छपाईला गेलेले मूळ टंकलिखित. त्यावर अनेक हातांच्या इतक्या खाडाखोडी आहेत की सामान्य प्रत असती तर रद्दीत गेली असती. २००४च्या लिलावात ते १५ लाखांहून अधिक डॉलरना गेले, २०१८मध्ये २४ लाखांना.

पहिल्या आवृत्तीच्या स्वामित्वहक्काचे अमेरिकेत वेळेवर नूतनीकरण झाले नाही, त्यामुळे तिचा मजकूर तिथे कुणालाही फुकट छापता येतो. पुढच्या आवृत्त्यांतही मुख्य भाग जवळपास तसाच ठेवला आहे. म्हणजे ज्याला दारू सोडायची आहे, त्याचे काम चालू आवृत्तीवर भागते. लाल बांधणीची गरज पडते ती बहुतेक ज्याला ती वाचायची नाही त्याला.