हत्तीचे करायचे काय?

समजा, तुम्ही हत्ती मागवलात.

दचकू नका, जंगलातला नव्हे. वीतभर उंचीचा, मऊ सिलिकॉनचा, चीनमधल्या यीवूच्या बाजारातला. कान दाबला की त्याच्या पोटात निळा उजेड पडतो, मोबाइल ब्लूटूथने जोडला की सोंडेतून अंगाई ऐकू येते आणि लेकरू त्याला कुशीत घेऊन झोपते. निदान जाहिरातीत तरी झोपते. दिवाळीच्या तोंडावर पाच हजार नग आणावेत, मस्जिद बंदरच्या घाऊकवाल्यांकडे टाकावेत, चार पैसे सुटतील, असा तुमचा साधा हिशेब. कंटेनर न्हावा शेव्याला लागतो आणि उरणच्या त्या किनाऱ्यावर सरकार तुम्हाला आयुष्यातला पहिला तात्त्विक प्रश्न विचारते : हे नेमके आहे काय?

‘हत्ती’ हे उत्तर चालत नाही.

त्याआधीच्या कागदपत्रांबद्दल मी सरकारला दोष देणार नाही. कागद मागण्यात त्याने कधी हयगय केलेली नाही. आयात करायची तर आधी आयईसी क्रमांक हवा. तो पाचशे रुपयांत मिळतो आणि उघडून पाहिला तर तुमचाच पॅन क्रमांक निघतो. आपल्याच खिशातली वस्तू पाचशे रुपये मोजून परत घेण्याचे सुख नोकरदारांना कधी कळायचे नाही. शिवाय दरवर्षी एप्रिल ते जूनच्या दरम्यान डीजीएफटीच्या पोर्टलवर जाऊन ‘आमच्यात काहीही बदल झालेला नाही’ असे कळवायचे, नाहीतर क्रमांक निष्क्रिय होतो. माणसात काही बदल होत नाही हे घरच्यांना न सांगता कळते. सरकारला मात्र ते दरवर्षी लेखी लागते. पुढे बँकेचा एडी कोड, इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग, विमा. हत्ती ब्लूटूथवर बोलतो म्हणून दूरसंचार खात्याची वेगळी मान्यता. प्रत्येक खोक्यावर आयातदाराचे नाव, पत्ता, महिना, किंमत आणि मूळ देश. हत्ती ज्या लाकडी पॅलेटवर बसून आला, त्या पॅलेटलासुद्धा आपण कीडमुक्त असल्याचा शिक्का अंगावर मिरवावा लागतो. हे सगळे तुम्ही केलेत, कारण तुमचा सीएचए चांगला आहे. (कायद्याने त्याला ‘कस्टम्स ब्रोकर’ करून एक तप उलटले, बंदरावर तो अजून सीएचएच आहे.)

तर, हत्ती काय आहे?

जगातल्या यच्चयावत वस्तूंची एक पोथी आहे. ब्रुसेल्सच्या जागतिक सीमाशुल्क संघटनेने ती रचली आणि १९८८ पासून ती जगभर चालते. प्रकरणे सत्त्याण्णव. जिवंत जनावरांपासून सुरुवात, कलाकृती आणि पुराणवस्तूंवर समाप्ती. त्यातले सत्त्याहत्तरावे प्रकरण पुढेमागे लागेल म्हणून कोरे ठेवले आहे आणि माझ्या माहितीप्रमाणे ज्यावरून एकही वाद झालेला नाही असे हे एकमेव प्रकरण. मूळ पोथीत वस्तूला सहा आकडे. आपण भारतीय उदार, आपण आठ देतो.

तुमचा हत्ती आवाज करतो म्हणजे तो लाउडस्पीकर : शीर्षक ८५१८. उजेड पाडतो म्हणजे दिवा : ९४०५. पोर त्याच्याशी खेळते म्हणजे खेळणे : ९५०३. वस्तू एक, खोके एक, जन्मपत्रिका तीन. आणि हा शब्दच्छल नव्हे, कारण मधल्या काळात खेळण्यांचे ग्रह फिरले आहेत. फेब्रुवारी २०२० मध्ये खेळण्यांवरचे मूळ आयातशुल्क २० टक्क्यांवरून एका रात्रीत ६० टक्के झाले आणि २०२३ मध्ये ७०. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोची मोहोर सक्तीची आहे. ही मोहोर तुम्हाला मिळत नाही, ती यीवूच्या कारखानदाराने घ्यायची असते. त्यासाठी आपले तपासनीस त्याच्या कारखान्यात जाऊन यायला हवेत. ते जाईपर्यंत ज्या बाळासाठी हत्ती मागवला, ते चौदा वर्षांचे होऊन नियमातूनच बाहेर पडते.

मोहोर सक्तीची केली ती उगाच नव्हे, हेही सांगून टाकतो. क्वालिटी कौन्सिलने २०१९ मध्ये बाजारातल्या आयात खेळण्यांचे नमुने तपासले तेव्हा सुमारे ६७ टक्के नापास झाले होते. पोरे खेळणी तोंडात घालतात. त्यात शिसे आहे की नाही हे कुणीतरी बघायलाच हवे. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांना चार गिऱ्हाइके जास्त मिळाली तर मलाही आनंदच आहे. माझे म्हणणे एवढेच, की दिवा आणि खेळणे यांत फरक काय, हे दर ठरवणाऱ्याने आधी ठरवावे. माल बंदरात उतरल्यावर नव्हे.

पण पोथीत तोडगा आहे. अर्थ कसा लावायचा याचे सहा नियम आहेत. त्यातला तिसरा मी लॅमिनेट करून घेतला आहे. वस्तू दोन-तीन शीर्षकांत बसत असेल तर आधी पाहा, कोणते वर्णन जास्त नेमके. तेही जमेना, तर पाहा, वस्तूचा मूळ स्वभाव कोणता. हत्तीचा मूळ स्वभाव! उजेड देणे की गाणे की लाडात येणे? हा प्रश्न उपनिषदात शोभला असता. इथे तो सहायक आयुक्तांच्या टेबलावर येतो. आणि स्वभावही ठरेना, तर पोथी हात टेकते आणि म्हणते : ज्या शीर्षकाचा आकडा सगळ्यात शेवटी येतो, ते घ्या.

विनोद नाही. हा नियम तीनचा पोटनियम ‘सी’ आहे. ८५१८, ९४०५, ९५०३. शेवटचा आकडा कोणाचा, तो तुम्हीच पाहा. जगातल्या दोनशेहून अधिक देशांनी आणि अर्थव्यवस्थांनी मानलेल्या ज्ञानाचा शेवट ‘ज्याचा आकडा मोठा तो खरा’ असा होतो आणि मोठा आकडा नेमका सत्तर टक्क्यांचा निघतो.

असे आपल्याकडेच होते, असा न्यूनगंड नको. अमेरिकेत बाहुलीवर १२ टक्के शुल्क होते आणि खेळण्यावर ६.८. बाहुली म्हणजे माणसाची प्रतिकृती. तेव्हा मार्व्हलच्या खेळणी कंपनीने कोर्टात जाऊन सांगितले, की आमचे एक्स-मेन माणसे नाहीतच. ज्यांना माणसात धरावे म्हणून चित्रकथांमधून इतकी वर्षे टाहो फोडला, त्यांना त्यांच्याच मालकाने पाच टक्क्यांसाठी माणसातून उठवले. २००३ मध्ये न्यायालयाने ते मान्यही केले.

आता तुम्ही म्हणाल, सरळ जाऊन साहेबांनाच विचारू. इथे दोन सुधारणा आड येतात आणि दोन्ही चांगल्या आहेत.

पहिली, स्वयंनिर्धारण. २०११ पासून सरकारने ठरवले, की आयातदारावर विश्वास ठेवायचा. तुमचा माल काय आहे ते तुम्हीच सांगा, दर तुम्हीच शोधा, ड्यूटी तुम्हीच काढा. मग सरकार तुमच्याकडे प्रेमाने बघते आणि म्हणते, चुकलात, आता दंड भरा. मुलाला गणित घालायचे, उत्तर आपण खिशात ठेवायचे आणि चुकले की पाटीसकट घराबाहेर काढायचे, असा हा विश्वास आहे. ड्यूटीचे गणितही सोपे नाही. साध्या मालावर १० टक्के दर वाचून कुणी खूश होऊ नये. शंभराच्या मालावर दहा रुपये मूळ शुल्क, त्या दहावर दहा टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे झाले १११. त्यावर १८ टक्के आयजीएसटी. एकूण भरायचे ३० रुपये ९८ पैसे. आयजीएसटीची वजावट पुढे मिळते, मान्य. पण आज खात्यातून जातात ते आजचे पैसे असतात. आणि हे शंभरही तुमच्या बिलातले शंभर नव्हेत. त्यात भाडे आणि विमा मिळवायचा. भाडे किती हे ठाऊक नसेल तर किमतीच्या २० टक्के धरा, विम्याचे ठाऊक नसेल तर १.१२५ टक्के. ज्या खात्याला दिवा आणि हत्ती यांतला फरक सांगता येत नाही, त्याला न काढलेल्या विम्याचा आकडा तिसऱ्या दशांशापर्यंत पाठ आहे.

दुसरी सुधारणा, चेहरा नसलेली तपासणी. २०२० सालापासून न्हावा शेव्याच्या मालाची कागदपत्रे न्हावा शेव्याचाच साहेब पाहील असे नाही. ती चेन्नईला जातील, कोलकात्याला जातील, कुठे गेली ते तुम्हाला कळणार नाही. हेतू शुद्ध आहे : चेहरा दिसला नाही की ओळख होत नाही आणि ओळख झाली नाही की टेबलाखालचे काही होत नाही. पूर्वी सीएचए फाइल काखोटीला मारून साहेबांसमोर उभा राहायचा, खोक्यातला हत्ती काढून टेबलावर ठेवायचा, कान दाबून दाखवायचा. साहेब हसायचे, शेजारच्या टेबलावरच्यांना बोलवायचे. आता हत्तीचा फोटो स्कॅन करून ई-संचितवर चढवायचा आणि वाट बघायची. आंधळ्यांच्या गोष्टीत निदान हत्ती समोर तरी होता.

मग क्वेरी पडते. ‘आयातदाराने वस्तूचा प्रमुख उपयोग स्पष्ट करावा.’ तुम्ही उत्तर देता. दोन दिवसांनी दुसरी : ‘कॅटलॉग जोडावा.’ कॅटलॉग चिनी भाषेत. तिसरी : ‘खोक्यावर मुलाचे चित्र का आहे?’ चिनी कारखानदाराला तुम्ही रात्री बारा वाजता फोन करता. तो म्हणतो, पुढच्या वेळी मांजराचे टाकतो.

आगाऊ निर्णय मागण्याची सोय आहे, हेही कबूल करायला हवे. मुंबईत त्यासाठी खास प्राधिकरण आहे, कायद्याप्रमाणे तीन महिन्यांत ते सांगते. म्हणजे दिवाळीचा हत्ती गणपतीच्या आधी विचारायचा. ज्यांचा धंदा पुढच्या वर्षीच्या हत्तींवर चालतो, त्यांनी ही वाट जरूर धरावी.

या सगळ्यात मला खरा घोर आहे तो मीटरचा. तुमचे बिल ऑफ एन्ट्री जहाज लागण्याच्या आदल्या दिवसापर्यंत दाखल झाले नाही, की पहिले तीन दिवस रोज पाच हजार आणि पुढे रोज दहा हजार रुपये दंड. हे बरोबर आहे. उशिराला किंमत हवी. कंटेनर वेळेत रिकामा परत केला नाहीत, तर शिपिंग लाइनचे डिटेन्शन सुरू, तेही डॉलरमध्ये. सीएफएसचे, म्हणजे बंदराबाहेरच्या कंटेनर-गोदामाचे, फ्री डेज संपले की ग्राउंड रेंट. ड्यूटी भरायला उशीर झाला की व्याज. तुमच्या बाजूला चारही मीटर पळत असतात. आणि क्वेरी ज्या टेबलावरून पडली, त्या टेबलाला मीटरच नाही. तिथे सोमवारचे उत्तर गुरुवारी उघडले, पुढे दुसरा शनिवार आला, साहेबांची बदली झाली, तरी एक रुपयासुद्धा कुणाच्या पगारातून जात नाही. फार झाले तर खाते तुम्हाला डिटेन्शन सर्टिफिकेट देते : उशीर आमच्याकडून झाला, भाडे माफ करावे. शिपिंग लाइन ते पत्र लक्षपूर्वक वाचते आणि बहुधा बिल पाठवते.

पाच हजार हत्तीवाल्याला हे परवडत नाही, म्हणून तो तिसऱ्या दिवशी ‘अंडर प्रोटेस्ट’ असा शेरा मारून वरच्या दराने ड्यूटी भरतो आणि माल सोडवतो. तेही मानक ब्युरोच्या मोहोरेचा प्रश्न आडवा आला नाही तर. आला, तर भरून सुटकाच नाही. माल परत पाठवायचा किंवा नष्ट करायचा. म्हणजे दिवा की खेळणे याचा निकाल लागतच नाही, तो विकत घेतला जातो. निकाल लावून घ्यायला ऐपत लागते. चाकण आणि छत्रपती संभाजीनगरला गाड्या जुळवणाऱ्या फोक्सवॅगनच्या कंपनीला २०२४ मध्ये १.४ अब्ज डॉलरची नोटीस गेली. तिथेही प्रश्न आपल्या हत्तीचाच आहे : गाडीचे भाग वेगवेगळ्या खोक्यांतून वेगवेगळे आले, तर ते सुटे भाग की सुटी गाडी? सुट्या गाडीला ३० ते ३५ टक्के, भागांना ५ ते १५. नोटीस बारा वर्षांच्या मालाची. बारा वर्षे त्या खोक्यांवर शिक्के पडत होते आणि मग कळले, की आत गाडी होती. कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. कोण बरोबर हे न्यायालय सांगेल. पण एवढ्या मोठ्या गाडीची ओळख पटायला बारा वर्षे लागतात, तर वीतभर हत्तीने कुणाकडे बघावे?

देशी मालाच्या रक्षणासाठी जकात वाढवणे आपल्याला नवे नाही. १६७१ मध्ये शिवाजी महाराजांनी कुडाळच्या सरसुभेदारांना, नरहरी आनंदराव यांना पत्र लिहिले. बारदेशातले पोर्तुगीज मीठ स्वस्त पडते, व्यापारी तिकडे वळले तर आपल्या मिठाची बंदरे बसतील, तेव्हा जकात चढवा. माल कोणता, कुठला, वाढ कशासाठी, सगळे एका पत्रात. ते मीठ आहे की समुद्राचे घनरूप पाणी, असा खुलासा कुणी कुडाळहून मागवल्याचे कुठे वाचनात नाही.

अर्थमंत्र्यांनी येत्या अर्थसंकल्पात दर कमी करावेत अशी मागणी मी करत नाही. ती करणारे दिल्लीत पुष्कळ आहेत. शिक्के राहू द्या, पोथी राहू द्या, सत्तर टक्केही राहू द्या. सीमाशुल्क कायद्यात फक्त एक वाक्य घाला : आयातदाराने क्वेरीचे उत्तर दिल्यापासून चोवीस तासांत निर्णय झाला नाही, तर त्यापुढचे डिटेन्शन आणि ग्राउंड रेंट सरकार भरेल. वाक्य मंजूर झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता देशातल्या प्रत्येक हत्तीचे शीर्षक ठरलेले असेल, यावर मी पैज लावायला तयार आहे.