यीस्ट सोडून सगळं : बारामती-इंदापूरकरांसाठी घरगुती बिअरची मार्गदर्शिका

साहित्य : ज्वारी ५ किलो, पाणी ४० लिटर, दुधाचा ४० लिटरचा कॅन १, थर्मामीटर १, आयोडीनची बाटली १, धुतलेला पंचा १, वकील १.

वकील यादीत शेवटी असला तरी गाठायचा आहे सगळ्यांत आधी. आपल्याकडे दारूबंदीचा १९४९ चा कायदा अजून जिवंत आहे. मुंबई प्रांत गेला, महाराष्ट्र आला, पुढे कायद्याच्या नावातली मुंबईही खोडून तिथे महाराष्ट्र लिहिलं गेलं, पण आतला मजकूर बराचसा जिथल्या तिथे राहिला. त्याच्या कलम ६५ प्रमाणे परवान्याशिवाय दारू बनवणं गुन्हा आहे. हे समजण्यासारखं आहे. कलम १३ मात्र शांतपणे बसून वाचावं. दारू बनवण्यासाठीचं साहित्य, भांडी आणि उपकरणं जवळ बाळगायलाही त्यात मनाई आहे. आता वरची यादी पुन्हा वाचा आणि घरात नजर फिरवा. कॅन, पंचा आणि ज्वारीचं पोतं नसलेलं घर या दोन तालुक्यांत दाखवा. उद्देश काय होता हा प्रश्न वेगळा, पण उद्देश मनात असतो आणि पंचनाम्यात मनाचा रकाना नसतो. म्हणून वकील.

बरं, पिण्याला सरकारची ना नाही. पिण्याचा एक दिवसाचा परवाना वर्षानुवर्षं पाच रुपयांना मिळत आला, जन्मभराचा हजार रुपयांना. पुण्यात २००९ साली डूलाली ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली. अशा ठिकाणी ग्राहकांच्या समोर टाक्यांमध्ये बिअर तयार होते आणि सगळं कायदेशीर असतं, कारण तिथे लायसन्स आहे. घरच्यापुरती वीस लिटर करू म्हणणाऱ्याला मात्र कुठल्या नमुन्यात अर्ज करावा हेच कळत नाही, कारण तसा परवान्याचा प्रकारच नाही. ब्रिटनने घरगुती बिअरवरची परवान्याची अट १९६३ मध्ये काढली. अमेरिकेत जिमी कार्टर यांनी १९७८ मध्ये सही करून टाकली. आपण अजून पंचनाम्याच्या पायरीवर आहोत.

आणि हे कुठे, तर ज्या मुलखात अल्कोहोल टँकरने बाहेर पडतं तिथे! माळेगाव, सोमेश्वर या कारखान्यांच्या डिस्टिलऱ्या आहेत. मळीचा वास आला की हंगाम सुरू झाला हे आंधळ्यालाही कळतं. पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. म्हणजे भिगवण रस्त्यावरून जाणारी प्रत्येक मोटारसायकल विनापरवाना, भरदिवसा, वयाची अट न पाळता पिते आहे. चालवणाऱ्याने फक्त ढाब्यावरच्या फलकाकडे बघायचं.

कायद्याचं एवढं पुरे. आता धान्याकडे.

बिअर करण्याचे दोन मार्ग. पहिल्यात मॉल्टचा तयार अर्क डब्यातून काढायचा, पाण्यात कालवायचा आणि उकळायचा. दुसऱ्यात आख्ख्या धान्यापासून सगळं स्वतः करायचं. दुसऱ्या मार्गाचे लोक पहिल्यांकडे ज्या नजरेने बघतात, ती बाजारातून पुरण आणून पोळ्या लाटणाऱ्या सुनेला ओळखीची आहे. आपण अर्थातच दुसऱ्या मार्गाने जाणार. जगभर त्यासाठी जव वापरतात. आपल्याकडे जव फारसा होत नाही, तो राजस्थान-हरियाणाकडचा. आपल्याकडे आहे ती मालदांडी ज्वारी, शेजारच्या मोहोळची लेक. इंदापूरच्या जिरायती पट्ट्यातला माणूस ऊस लावून बागायतदार झाला तरी घरच्या भाकरीपुरती रब्बीची ज्वारी सोडत नाही, तीच घ्या. ज्वारीची कसली बिअर, असं म्हणून नाक मुरडू नका. आफ्रिकेत ती पिढ्यान्‌पिढ्या करतात. नायजेरियाने १९८८ मध्ये जवाच्या मॉल्टची आयात बंद केली, तेव्हा तिथल्या मोठमोठ्या बिअर कंपन्यांनाही ज्वारीच्या दारात यावं लागलं.

मॉल्ट करायला कुठल्याही प्रशिक्षणाची गरज नाही, कारण ते घरात आधीच झालेलं आहे. लहान बाळासाठी नाचणीचं सत्त्व करताना आजी जे करायची, तेच. ज्वारी निवडून रात्रभर भिजवायची, मधे दोनदा पाणी बदलायचं, ओल्या फडक्यात बांधून उबेला ठेवायची. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोंब दाण्याइतके लांब झाले की गच्चीवर उन्हात खडखडीत वाळवायची. कोंब फुटताना दाण्यात पिष्टाची साखर करणारी विकरं तयार होतात. आपल्याला हवी आहेत ती हीच. शेजारी विचारतीलच. "पाहुण्यांचं बाळ यायचंय" हे उत्तर पुरेसं आहे. पाच किलो कोंब पाहून ते जुळी आहेत का असंही विचारतील.

इथे एक गंभीर सूचना. वाळल्यावर दाणे हातावर चोळून कोंब आणि मुळं पूर्ण काढून, पाखडून टाकायची आहेत. ज्वारीच्या कोवळ्या कोंबात सायनाइड सोडणारं द्रव्य असतं. कोवळी ज्वारी खाऊन जनावर दगावतं, हे गोठा असलेल्या माणसाला सांगायची गरज नाही. त्याच कारणाने इथे आळस चालणार नाही. पाखडून उडालेले कोंब गाईपुढेही टाकू नका.

मग गिरणी. गिरणीवाल्याला पीठ नको, भरडा पाहिजे असं दोनदा सांगा. तो म्हणेल, "गाईला का?" तुम्ही म्हणा, "हो." गाईचा उल्लेख नोंदवून ठेवा, पुढे तिची साक्ष लागेल.

पाण्याचं काय? इंदापूरकडे पाणी मचूळ, बोअरचं असेल तर चहासुद्धा फाटल्यासारखा दिसतो. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. इंग्लंडात बर्टन गावाच्या जड पाण्यावर तिथल्या बिअरचं नाव झालं. कॅनॉलचं वापरणार असाल तर आवर्तन कधी सुटतंय ते आधी बघा. नीरा डाव्या कालव्याच्या टेलला राहत असाल तर हा लेख पुढच्या आवर्तनापर्यंत घडी घालून ठेवा. टेलला पाणी का पोहोचत नाही, या विषयात आम्ही शिरणार नाही. तो बिअरपेक्षा जास्त फसफसतो.

आता मुख्य कृती. जव असता तर सगळा भरडा ६५ ते ६८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवला की काम झालं असतं. ज्वारी हट्टी. तिचं पिष्ट फुगून मोकळं व्हायला जास्त उष्णता लागते, आणि तेवढ्या उष्णतेत साखर करणारी विकरं मरतात. यावर उपाय असा : पंचेचाळीस-पन्नास अंशांच्या पंधरा लिटर पाण्यात भरडा कालवा, अर्धा तास निवळू द्या, वरचं पाणी हलक्या हाताने दुसऱ्या भांड्यात काढून बाजूला ठेवा. विकरं त्या पाण्यात उतरलेली असतात. खाली राहिलेला रगडा अर्धा तास रटरट शिजवा. त्यात वाटलं तर पाणी घाला, पण ढवळणं सोडू नका. तळाला लागलं तर पुढे सगळ्याला तोच वास येईल. मग तो निववून, बाजूचं पाणी परत त्यात ओतून, सगळं ६५ अंशांवर आणा आणि दीड तास तिथेच धरा. घोंगडीत गुंडाळलेला कॅन हे काम चोख करतो. मधूनमधून एक थेंब बशीत घेऊन त्यावर आयोडीन टाका. निळाकाळा झाला तर पिष्ट शिल्लक आहे, पिवळट-तांबूसच राहिला तर साखर झाली. सातवीच्या विज्ञानाच्या पुस्तकाचा पुढच्या आयुष्यात उपयोग होतो तो असा.

गाळणं हे जवाला सोपं, कारण जवाचं तूसच गाळणी बनतं. ज्वारीला तूस नाही, पंचा तुंबतो. मावळातल्या भाताचं तूस मूठ-दोन मुठी मिसळलं तर बरं, नाहीतर पंच्याची दोन टोकं धरायला एक खंबीर मेहुणा लागतो. गाळून राहिलेला चोथा म्हणजे त्या गाईची ठरलेली हजेरी. ताजा असताना घाला, दुसऱ्या दिवशी तो आंबतो. या सगळ्या उद्योगात बिनतक्रार समाधान एकट्या गाईचं होतं.

आता दाटपणा मोजायचा. बिअर करणारे त्यासाठी हायड्रोमीटर आणतात. तो दूध केंद्रावरच्या लॅक्टोमीटरचा सख्खा भाऊ. केंद्रावर सव्वीस की अठ्ठावीस म्हणून रोज सकाळी जे भांडण होतं, ते म्हणजे १.०२६ की १.०२८. आपला रस १.०५० च्या आसपास हवा. तो लॅक्टोमीटरच्या दांडीवरून वर निघून जातो. तेव्हा कारखान्याच्या लॅबमध्ये कुणी भाऊबंद असेल तर ब्रिक्स बघून घ्या, साडेबाराच्या आसपास येईल. उसाच्या रसाला अठरा-वीस ब्रिक्सची सवय असलेला तो माणूस तुमच्याकडे बघून म्हणेल, "रसवंतीवाल्यानं पाणी लई घातलंय." त्याला काही समजावायला जाऊ नका. दाटपणा वाढवायला गूळ टाकायचा मोहही आवरा. गुळाने हा पदार्थ हातभट्टीच्या दिशेने सरकतो, आणि तिथे मार्गदर्शिका काढायची कुणाची हिंमत नाही.

उकळायला जागा हवी तर गुऱ्हाळासारखी दुसरी नाही. काहिल आहे, चुलवाण आहे आणि वर आलेली मळी झाऱ्याने काढायला गुळव्या आहे, ज्याला उकळी बघून आत काय चाललंय ते कळतं. परदेशातले बिअरवाले रस नितळ व्हावा म्हणून शेवटी समुद्री शेवाळ टाकतात. गुळव्या रानभेंडीचा चिकट रस टाकतो. मला विचाराल तर गुळव्याला एक हायड्रोमीटर द्या आणि आपण बाजूला बसा.

तासभर उकळायचं. याच वेळी हॉप्स घालतात. त्याने कडवटपणा येतो आणि टिकतंही. हॉप्स भारतात पिकतात ते हिमाचलच्या लाहौलमध्ये. बारामतीत 'कृषिक' प्रदर्शनात उसाला कृत्रिम बुद्धिमत्ता लावलेली बघायला मिळते, पण हॉप्सची वेल अजून आलेली नाही. कडूच पाहिजे असेल तर चिमूटभर काडेचिराईत घाला. चव बिअरसारखी येणार नाही, पण कडू काय असतं ते कळेल.

आता निववणं. १०० अंशांवरून वीसवर, जितकं झटपट तितकं चांगलं. मे महिन्यात इथे नळाचं पाणीच कोमट येतं, त्यामुळे हा प्रयोग डिसेंबर-जानेवारीत करावा. कॅनचं झाकण घट्ट लावून दोरीने विहिरीत सोडा. दूध केंद्रावरच्या चार अंशांच्या बल्क कूलरकडे बघून मनात विचार येतील. ते विचार मनातच ठेवा. तिथे पंचनाम्याच्याही आधी दूध संघाची सभा बसते.

पुढची पायरी यीस्टची, आणि मार्गदर्शिका इथे थांबते. सामान्य ज्ञानासाठी एवढंच : टेक्सासला गेलेला भाचा असेल तर तो अठरा ते बावीस अंशांवर एक-दोन आठवडे हा रस आंबवेल, दाटपणा १.०५० वरून १.०१२ वर आला की त्यात पाच टक्के अल्कोहोल झालं असं मोजेल, लिटरला सहा ग्रॅम साखर घालून बाटल्या भरेल, आणि हात सैल सुटून साखर जास्त पडली तर गॅरेजमध्ये बाटल्या फुटल्याचा आवाज ऐकेल. दोन सज्ञान माणसांच्या घराला तिथे वर्षाला २०० गॅलनपर्यंत मुभा आहे, म्हणजे साडेसातशे लिटरच्या वर. इंदापुरातल्या त्याच्या मामाला शून्य.

मामापाशी काय उरलं? वीस लिटर गोड, तपकिरी, भाजल्या भाकरीच्या वासाचा ज्वारीचा रस. तो पिता येतो. पोरं पितात, म्हातारी माणसं पितात, चिराईत घातलं नसेल तर मागून पितात. या सगळ्या खटाटोपाचं कायदेशीर फळ एवढंच, आणि ते वाईट नाही. ज्वारीला रेशनच्या गव्हाने आणि कारखान्याच्या उसाने ताटातून आणि रानातून मागे रेटलं. तिचा असा थाट करायला बिअरचं निमित्त लागलं तर लागू दे.

सरकारला मात्र एक मागणं आहे. राज्याने २००१ मध्ये द्राक्षाच्या वाइनसाठी धोरण आणलं, २०२२ मध्ये ती सुपरमार्केटच्या फळीवर ठेवायचा निर्णयही मंत्रिमंडळात झाला. बागायतदाराच्या द्राक्षाची एवढी काळजी घेता, तर जिरायतदाराच्या ज्वारीला घरच्यापुरत्या वीस लिटरचा एक साधा परवाना द्या. फी पाच रुपये ठेवली तरी चालेल, दर आपल्याला तोंडपाठ आहे.

तोवर वाचकांना शेवटची सूचना. गोड रस उघड्यावर ठेवू नका. हवेतलं यीस्ट अर्ज करत नाही. आपल्या उकाड्यात दुसऱ्या दिवशी रस फेस धरू लागतो. ताडाच्या नीरेचं उन्हात काय होतं ते शासनाला चांगलं माहीत आहे, म्हणून नीरेलाही परवाना लागतो. रस संध्याकाळच्या आत संपवा, आणि उरलाच तर वकिलाला बोलावून पाजा.