आर्सेनिकचं रूप ओळखा: नवशिक्यांसाठी सोपा मार्ग

पाण्यात आर्सेनिक आहे की नाही, हे बाजारात मिळणारं किटसुद्धा सांगतं. त्यासाठी तुमची गरज नाही. तुम्हाला सांगायचंय, गाळातलं आर्सेनिक कुठल्या रूपात आहे: आर्सेनाइट की आर्सेनेट, लोहाच्या ऑक्साइडला चिकटलेलं की गंधकाशी बांधलेलं. आर्सेनाइट जास्त विषारी आणि जमिनीत सहसा जास्त भटकं, म्हणून हा खटाटोप.

आधी गाळ आणा. पश्चिम बंगालमधल्या नदिया किंवा मुर्शिदाबादकडे जा. तिथे गाळाच्या थरांत हवा पोचत नाही, जिवाणू श्वसनासाठी लोहाची ऑक्साइडं वापरतात, लोह विरघळतं आणि त्याला धरून बसलेलं आर्सेनिक उघड्यावर पडतं. मग ते कूपनलिकेतून घागरीत. (लिटरमागे 10 मायक्रोग्रॅम ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा त्याला कोणी कळवलेली नसते.) वर काढलेला गाळ राखाडी असतो. तो तसाच उघडा ठेवून फोटो काढा, चहा घ्या, सरपंचांशी बोला. परत याल तेव्हा कडा तपकिरी दिसू लागतील. लोखंड गंजलं, आर्सेनिकही त्याच वाटेला लागलं. आता तुमच्याकडे नदियाचा नव्हे, तुमच्या चहाचा नमुना आहे. ज्यांना हे नको असेल त्यांनी गाळाने भरलेली नळी वर काढल्याक्षणी तिची तोंडं बंद करावीत, नायट्रोजनमध्ये भरावी आणि गोठवावी. खरी कला एवढीच. पुढचं सगळं यंत्र करतं.

यंत्र इंदूरला आहे: इंडस-2, क्ष-किरणांचा प्रखर झोत देणारा सिंक्रोट्रॉन. बीमटाइम, म्हणजे झोत वापरायची पाळी, मध्यरात्रीचा मिळाला तर सराफ्यातली खाऊगल्ली विसरा. सोनं मात्र लागेलच: ऊर्जेचं माप जुळवायला बरेच जण सोन्याचा पातळ पत्रा लावतात, कारण त्याची शोषणकडा (क्ष-किरणांचं शोषण एकदम उसळतं ती ऊर्जा) 11,919 इलेक्ट्रॉन-व्होल्टला, आर्सेनिकच्या 11,867 च्या शेजारी. विषाची पारख सोन्यावर, हा थाट दुसऱ्या कुठल्या प्रदूषकाच्या नशिबी क्वचितच असेल.

आता क्ष-किरणांची ऊर्जा हळूहळू वाढवा. आर्सेनाइटचं शिखर 11,871 च्या आसपास उठतं, आर्सेनेटचं 11,875 च्या. जवळपास बारा हजारांत चारचा फरक! माप जुळवायला विसरलात तर कुठलंही रूप सिद्ध करता येईल, ही सोय लक्षात ठेवा.

एकाच जागी झोत मारत पुन्हा पुन्हा स्कॅन घ्या. झोतामुळेच आर्सेनाइटचं आर्सेनेट होऊ शकतं, कधी उलटही, आणि शिखर स्कॅनगणिक सरकतं. असं झालं की सगळ्या स्कॅनची सरासरी काढा. सरासरीत पुरावा राहत नाही. भित्रे लोक नमुना द्रवरूप नायट्रोजनने थंड ठेवतात, प्रत्येक स्कॅनला जागा बदलतात आणि पहिला स्कॅन शेवटच्यावर ठेवून बघतात.

शेवटी फिटिंग: मोजलेली रेघ ओळखीच्या रूपांच्या रेघा मिसळून जुळवणं. संगणकाला जमतील तितके प्रमाणित नमुने द्या. दहा दिलेत तर दहाही वापरून तो अशी रेघ जुळवेल की डोळ्यांत पाणी येईल. भातखाचरातल्या चिखलात बारा टक्के स्कोरोडाइट निघालं तरी डगमगू नका. हे खनिज खाणींच्या आम्लधर्मी कचऱ्यात सापडतं, एवढंच. दशांश चिन्हापुढे दोन आकडे देऊन शोधनिबंध पाठवा. परीक्षक खाणीचा पत्ता विचारतील.