डासबोध

‘प्रिय बंधुभगिनींनो, काल रात्री आपणांस डास चावला काय? चावला असल्यास आनंद करा!’

हा निरोप पहाटे साडेपाचला मोबाइलवर येऊन पडला. खाली उगवता सूर्य, दोन कबुतरं, गुलाबाचं फूल आणि हात जोडून बसलेलं एक गोरं बाळ. आमच्या परभणी जिल्ह्यातल्या पालममधलं निम्मं गाव तोवर उठून बसलेलंच होतं. मध्यरात्री गेलेली वीज आलीच नव्हती, आणि पंखा थांबला की डासांची पाळी सुरू होते.

निरोप धाडणारे ब्रदर कोण, हे विचारू नका. तुमच्याही गावात एक असतात. माणूस सज्जन, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. फक्त दुसऱ्याला कुठं दुखलं-खुपलं की यांना त्यात लगेच धडा दिसतो. गंगाखेडपर्यंत एसटीत उभ्यानं गेलात? येशूला बघायला जक्कय बिचारा उंबरावर चढला होता, त्याची आठवण ठेवा. लोह्याच्या वाटेवर खड्ड्यात आदळलात? मान आपोआप खाली झाली ना, तीच नम्रता. वीज गेली की बायबलातल्या दहा कुमारींचे दिवे. मे महिन्यात पारा 45 अंशांकडं सरकला की नरकाची झलक, तीही फुकट. हे सगळं आम्ही गोड मानून घेत होतो. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही म्हण ज्यांच्या जिल्ह्यावर पडली, त्यांना सोसण्याची शिकवणी वेगळी लावावी लागत नाही. पण डासापाशी माझं गाडं अडलं ते अडलंच.

निरोपात डासाकडून घ्यायचे धडे ओळीनं मांडले होते. डास रात्रभर जागा असतो, तसे तुम्हीही जागृत राहून प्रार्थना करा. (राहिलो होतो. प्रार्थना नेमकी काय केली, ते इथं छापता येणार नाही.) डास कानाशी गुणगुणतो, तशी तुमच्या ओठी स्तुती असू द्या. डास लहान असून मोठ्याला हलवतो. डास रक्त घेतो, त्यावरून रक्ताचं मोल ओळखा. इथं मी चहाचा कप खाली ठेवला. शेवटचा धडा असा, की चावल्या जागी खाजवाल तितकी खाज वाढेल, म्हणून अपराध विसरा, क्षमा करा. क्षमेवरचा इतका झकास दृष्टांत, आणि वाया गेला तो डासावर.

मुळात ब्रदरांचा डास पुल्लिंगी आहे. चावतो तो डास नसतोच, चावते ती मादी. अंडी घालायची तर तिला रक्त लागतं. नर बिचारा फुलापानांच्या रसावर गुजराण करतो आणि कुणाच्या अध्यात्मात पडत नाही. म्हणजे रात्रभर आख्खं पालम काय करतं, तर डोहाळे पुरवतं. आणि बाळंतपण कुठं होतं? आमच्या गल्लीच्या गटारात. एकदा वाकून बघा, नाक धरून का होईना. काळ्या पाण्यावर गुटख्याच्या पुड्या, दुधाच्या रिकाम्या पिशव्या, आणि मधल्या मोकळ्या जागेत अळ्या लोंबकळतायत, शेपूट वर, डोकं खाली. हवा गरम असली की अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणूनच तर आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, टाक्या रिकाम्या करून घासा, असं सांगतात. सांगतात ते बरोबरच आहे. पण नळाचं पाणी पुन्हा कधी येईल याचा भरवसा नसलेल्या घरानं भरलेली टाकी ओतायची कुठल्या काळजानं? मग त्या स्वच्छ पाण्यात डेंगीचा डास होतो, आणि तो दिवसा चावतो. रात्रपाळी गटाराची, दिवसपाळी टाकीची. जागृत राहायचं तरी किती?

त्याच आठवड्यात एका घरी पत्र्याच्या पडवीत प्रार्थनासभा होती. दाराशी घमेल्यात कडुलिंबाचा पाला धुमसत होता आणि त्या धुरानं डास सोडून बाकी सगळे हैराण झाले होते. ब्रदरांनी विषय डासाचाच धरला. घरच्या मावशी त्यांच्या पाठीमागं उभ्या, हातात ती बॅडमिंटनसारखी विजेची बॅट. ब्रदर म्हणाले, ‘देवानं काहीच व्यर्थ निर्माण केलं नाही.’ तट्ट. ‘आमेन,’ मागून कुणीतरी. ‘हा चिमुकला जीवदेखील आपला शिक्षक आहे.’ तट्ट, तट्ट. दोन शिक्षक एकदम गेले. ‘त्याला मारण्याआधी, बहिणींनो, तो काय सांगतो ते ऐका.’ मावशींनी बॅट खाली केली. ‘ऐकलंय ब्रदर. रोज तेच म्हणतोय तो. आमी काय शिकायचं ते शिकलो बगा. तेवढं गटाराचं कुणाला तरी जाऊन शिकवा.’

यावर ब्रदरांनी खिशातून हुकमी पान काढलं, पौलाच्या देहातला काटा. पौलालाही काटा होता, त्यानंही सोसलं. सोसलं, कबूल. पण आधी त्यानं तो काढावा म्हणून तीनदा विनवलं होतं, आणि त्याला उत्तर मिळालं. नकार आला, पण कारणासहित आला, आणि कृपा पुरेल असं आश्वासनही जोडीला होतं. आमच्या गल्लीच्या अर्जांना नकारसुद्धा येत नाही. पोच मिळते, तिच्यावर शिक्का उठतो, शाई झकास निळी असते. त्यापुढं काही नाही. स्वर्गातलं आवक-जावक खातं इथल्यापेक्षा चोख आहे, एवढा धडा मात्र मी त्या सभेतून घरी आणला.

आणि कीटकांचंच बोलायचं तर शास्त्रात त्यांचा तुटवडा नाही. निर्गमाच्या आठव्या अध्यायात नुसती रीघ लागली आहे, आणि ते सगळे धडा शिकवायलाच आलेत, हेही खरं. पण कुणाला? आधी मिसर देशात बेडूक आले. नुसते अंगणात नाही, तर फारोच्या शेजघरात, बिछान्यावर, चुलीत, पीठ मळायच्या परातीत. राजा टेकीला आला. त्यानं मोशेला बोलावून सांगितलं, हे बेडूक घालव. मोशेनं अदबीनं विचारलं, महाराज, कधी घालवू? आता इथं जरा थांबा. उशीवर बेडूक, भाकरीच्या पिठात बेडूक, आणि समोरचा माणूस विचारतोय, कधी? तुम्ही-आम्ही काय म्हणालो असतो? फारो म्हणाला, उद्या. लहानपणापासून हा अध्याय ऐकतोय, पण या ‘उद्या’चं मर्म मला कळलं ते एका कार्यालयाच्या बाहेरच्या बाकावर बसल्यावर. आत्ता म्हणाला असता तर तो राजा कसला! एक रात्र बेडकांच्या कुशीत काढीन, पण आजचं काम आज करण्याचा पायंडा पाडणार नाही. कारभाराचा हा बाणा हजारो वर्षांचा आहे, त्याला बोल लावणारे आपण कोण? तरी फारोचा एक गुण घ्या. त्याचा उद्या दुसऱ्या दिवशी उजाडला. बेडूक मेले. त्यांचे जागोजाग ढीग लागले आणि देशभर दुर्गंधी सुटली, म्हणजे उचलायचं टेंडर कुणी काढलं नव्हतं. बेडूक संपले की किडे वाढतात, हे आमच्याकडं धुऱ्यावर बसलेलं पोरगंही सांगेल. झालं तसंच. उवा आल्या, त्यामागं गोमाशांचे थवे आले. आणि आता ब्रदरांनी आजवर कधीच न पाठवलेला भाग ऐका. गोमाशा शिरल्या त्या फारोच्या वाड्यात आणि त्याच्या चाकरमान्यांच्या घरांत. विटा पाडून पाठी मोडलेली इस्राएली माणसं ज्या गोशेन प्रांतात राहत होती, तिथं औषधालासुद्धा गोमाशी नव्हती. देवानं तसा बंदोबस्तच केला होता. किडे वरच्यांना, खालच्यांना मोकळीक. पालममध्ये हा नकाशा उलटा टांगलाय. ज्यांच्या सहीनं गटार उपसलं जाईल, त्यांच्या खिडक्यांना जाळी आणि पंख्याला इन्व्हर्टर. अंगण आमचं, रक्त आमचं, ताप आमचा, आणि वरून धडाही आम्हीच गिरवायचा!

डासाकडून कामाचा धडा घेतलेला एक माणूस आपल्याच मुलखात होऊन गेला. रोनाल्ड रॉस, लष्करातला डॉक्टर. परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात होती, आणि त्याच राज्यातल्या सिकंदराबादेत 20 ऑगस्ट 1897 रोजी त्यानं डासाचं पोट चिरून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं, तेव्हा मलेरिया कुठून येतो त्याचा माग लागला. भाविकही होता गडी. त्या आनंदात त्यानं कविता लिहिली आणि देवाचे आभार मानले. पण आभार गुपित हाती लागल्याचे होते, डास चावल्याचे नव्हते.

हे ब्रदरांना ऐकवलं की ते पिसवांची गोष्ट काढतात. ती तुम्हीही एखाद्या उपदेशात ऐकली असेल. 1944 साली नाझींच्या रावेन्सब्रुक छावणीत कोरी आणि बेत्सी टेन बूम या डच बहिणी कोंडलेल्या होत्या. बराकीत पिसवांचा सुळसुळाट. बेत्सी म्हणाली, पिसवांबद्दलही आभार मानायचे. कोरीला ते पटेना. पुढं उलगडा झाला, की पिसवांच्या धास्तीनं पहारेकरणी आत पाऊल टाकत नव्हत्या, म्हणूनच शास्त्रवाचन निर्धास्त चालत होतं. त्याच वर्षी डिसेंबरात बेत्सी त्या छावणीतच वारली. या गोष्टीपुढं माझी मान लवते, आणि म्हणूनच ती असल्या कामाला जुंपलेली बघून डोकं फिरतं. पिसवा बेत्सीच्या अंगावर होत्या हो! स्वतःच्या अंगावरच्या पिसवांचे तिनं आभार मानले. शेजारच्या बराकीतल्या बायांना पहाटे उठवून तिनं ‘चावल्या काय? आनंद करा’ असं विचारलं नव्हतं. गेल्या पावसाळ्यात आमच्या ओळीतलं एक लेकरू डेंगीनं नांदेडला न्यावं लागलं. बापानं मोंढ्यात येईल त्या भावानं सोयाबीन घातलं, आई खाटेपाशी बसून प्लेटलेटचे आकडे पाठ करत होती, आणि त्या माउलीच्या मोबाइलवर निरोप येऊन पडला, की संकट म्हणजे देवाच्या प्रीतीचा स्पर्श. गुलाबाच्या फुलासकट! लेकरू वाचलं. पण तो निरोप ज्या हातानं पाठवला, त्या हाताला त्या दिवशी एखादा जरी डास चावला असता, तर माझा विश्वास दृढ झाला असता.

हसत सोसणं मराठी ख्रिस्ती घरांना कुणी नव्यानं शिकवायला नको. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ 1934 पासून पुढं चार भागांत छापून आली. सोवळ्यानं पिसाळलेले वडील, घरात पैसा टिकू न देणारा कवी नवरा, आज इथं तर उद्या तिथं असा संसार, सगळं त्यात आहे, आणि वाचताना हसू आवरत नाही. बाई स्वतःवर हसतात, नवऱ्यावर हसतात, हसता हसता रडवतात. पण प्रसंग संपला की ‘यावरून आपण काय शिकलो’ असं विचारत नाहीत. पुढचा प्रसंग सांगतात.

राहता राहिला दंड. धडे काढणाऱ्यांना शास्त्रात दंड आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. ईयोबाचं सगळं गेलं. गुरं गेली, लेकरं गेली, अंगभर फोड उठले, आणि राखेत बसून तो खापरीनं अंग खाजवत होता. त्याचे तीन मित्र भेटायला आले. सात दिवस, सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले, एक अक्षर बोलले नाहीत. इथवर त्यांच्याइतके भले मित्र जगात झाले नसतील. मग त्यांनी तोंड उघडलं. अध्यायामागून अध्याय त्यांनी ईयोबाच्या फोडांतून बोध पिळून काढला. शेवटी देव स्वतः बोलला, तो त्या मित्रांवरच संतापला. सात बैल आणि सात मेंढे घेऊन ईयोबाकडं जा, अर्पण करा, तो तुमच्यासाठी प्रार्थना करील, असं फर्मान सुटलं. हा दर मी पालमला लागू करावा म्हणतो. निरोपामागं सात बैल, सात मेंढे. बैल लाल कंधारीच पाहिजेत, वाण शेजारचाच आहे. माळेगावची जत्रा काही लांब नाही, खंडोबाचं दर्शन होईल आणि बाजारही होईल. होमार्पण आता कायद्यात बसत नाही, तेव्हा बैल जिवंतच जमा करावेत. सातांत तीन जोड्या होतात, एक बदलीला राहतो. गल्ली अरुंद, ट्रॅक्टर आत वळत नाही म्हणून गटाराचा गाळ उचलता येत नाही, असं आम्हाला तोंडी सांगितलं गेलंय. बैलगाडी वळते, मी बघितलंय. तीन गाड्या लागल्या तर दोन दिवसांचं काम.

मेंढ्यांचं काय करायचं, ते मावशींनी परस्पर ठरवलंय. मोठं पातेलं त्यांच्याकडंच आहे. ब्रदरांनाही जेवायला बोलावणार आहेत, बोलायचं नाही या अटीवर.