जामीन कोण?

विकिपीडियावर नटाचं पान वाचायचं तर सुरुवात तळटीपांपासून करावी. ‘लहानपणापासूनच अभिनयाची आवड होती’ या वाक्याला आधार कशाचा, तर एका दैनिकाच्या मनोरंजन पुरवणीचा. आणि पुरवणीवाल्याने ते उचललेलं असतं विकिपीडियावरूनच. दोघं एकमेकांना जामीन! आयएमडीबी या सिनेमांची माहिती देणाऱ्या संकेतस्थळाला तर विकिपीडियाचे जुनेजाणते संपादकही विश्वासार्ह मानत नाहीत, कारण तिथली बरीच माहिती वाचकच भरतात. (आणि इथली कोण भरतं, हे विचारू नये.)

डॉ. श्रीराम लागूंचं घ्या. कान-नाक-घशाचे सर्जन, १९७० सालचा ‘नटसम्राट’, शिवाय स्वतः लिहिलेलं आत्मचरित्र ‘लमाण’. छापील, पृष्ठक्रमांकासकट. पण त्यासाठी वाचनालयाची पायरी चढावी लागते, आणि तिथं वर्गणी थकलेली. त्यापेक्षा ‘या दहा गोष्टी तुम्हाला माहीत आहेत का?’ बरं.

चार महिन्यांत गुंडाळलेल्या मालिकेच्या नायिकेचं पान मात्र भरगच्च. उंची, रास, आवडता पदार्थ, नामांकनांचा तक्ता. जन्मसाल तेवढं दर दिवाळीला पुढे सरकतं. कोण सरकवतं? ‘इतिहास पहा’वर टिचकी मारा. सदस्यनावात बाईंचं आडनाव, आणि त्याला जोडून ‘पीआर’.